सतराव्या प्रश्नाला चार

रालित्सा शुक्रवारी बसमधून उतरली तेव्हा येलोवोत पाऊस पडत नव्हता आणि बर्फही पडत नव्हतं. दोहोंच्या मधलं काहीतरी पडत होतं. रोदोपीच्या डोंगरात मार्च महिना असाच वागतो, कोणाचं ऐकत नाही. छत्री होती तिच्याकडे, पण उघडायला हात कुठे मोकळा होता? एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फॉर्मची जाड फाईल. फाईल भिजली असती तर तीन तासांचा घाट फुकट गेला असता.

वाचनगृह चौकातच होतं, पण दार बंद. दारावर कुलूप, कुलपावर चिठ्ठी – ‘येते’. कोण येते, कधी येते, पत्ता नाही. भिंतीला अगदी चिकटून एक अँब्युलन्स उभी होती आणि तिच्यात एक माणूस बसलेला दिसत होता. रालित्साने काचेवर टकटक केली.

त्याने वर पाहिलंही नाही. नुसता हात लांब करून पलीकडचं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. भिजणारं माणूस मान-अपमान बघत नाही; ती वळसा घालून आत जाऊन बसली. त्याने स्टीअरिंगवर लॅपटॉप टेकवला होता. पडद्यावर हृदयाचं चित्र होतं आणि कोणीतरी बाई चिरक्या आवाजात भराभरा सांगत होती – डाव्या कप्प्यातून रक्त महाधमनीत जातं, महाधमनीतून…

रालित्साचे कान गरम झाले. तो आवाज तिचाच होता.

“असं पळवता का लेक्चर?” तिने विचारलं.

“पळवावंच लागतं हो,” तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “या बाई बोलतात म्हणजे… गाय रवंथ करते ना, तसं. निवांत. काम चांगलं करतात, पण वेळ फार घेतात.”

“मग ऐकता कशाला? पुस्तक वाचा की.”

“आवाज आवडतो म्हणून.” त्याने हे इतक्या सहज सांगितलं, जसं काही कांद्याचा भाव सांगतोय. “खरा वेग ठेवला की छान आहे आवाज. नवव्या लेक्चरला चौदाव्या मिनिटाला शिंकतात, आणि मग स्वतःलाच म्हणतात, ‘शतायुषी भव’. कापायचं विसरल्या असणार. ते मी तीनदा ऐकलंय.”

“दोन शिंका होत्या,” रालित्सा म्हणाली. “एक मी कापली.”

त्याने लॅपटॉप बंद केला. अगदी हळूच, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावावं तसा. मग पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. सव्वीस-सत्तावीसचा असेल. केस ओले, दाढी दोन दिवसांची, आणि चेहरा आता कानापर्यंत लाल.

“ते गाईचं मी…”

“रवंथ म्हणालात.”

“आवाज आवडतो असंही म्हणालो.”

“तेही ऐकलं.”

दोघंही समोरच्या काचेकडे बघत बसले. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि वायपर आपलं अधूनमधून एक फेरी मारत होता. रालित्साला हसू येत होतं, पण ती इथे हसायला आली नव्हती.

“नाव काय तुमचं?”

“वेलिन. वेलिन काराजोव.”

तिने फाईल उघडली, त्याचा फॉर्म काढला. तिसरा प्रश्न – ‘अभ्यासासाठी माझ्याकडे शांत आणि स्वतंत्र जागा आहे.’ एक ते पाचपैकी गुण द्यायचे. वेलिन काराजोवने पाच दिले होते.

“ही तुमची शांत जागा?”

“वायफाय भिंतीच्या याच बाजूला येतं, मॅडम. आणि ड्यूटीवर असताना गाडी सोडता येत नाही. शांत आहे की! दिवसातून चार-पाच वेळा सोडलं तर…”

तेवढ्यात डॅशबोर्डवरचा वायरलेस खरखरला. वरच्या गावात कोणी म्हातारा शिडीवरून पडला होता. वेलिनने लॅपटॉप मागे टाकला, किल्ली फिरवली. “उतरा, मॅडम! माफ करा!” ती उतरली, आणि तिच्या कानाशी सायरन असा काही वाजला की फाईलच हातातून सुटली. एकोणीस फॉर्म चिखलात.

ते गोळा करताना तिला पुन्हा एकदा दिसलं, जे गेले आठ दिवस तिला झोपू देत नव्हतं. एकोणीस माणसं, चाळीस प्रश्न, आणि सगळ्यांची उत्तरं तंतोतंत सारखी. पाच, पाच, पाच, पाच. फक्त सतराव्या प्रश्नाला चार. एकोणीसही जणांचे चार.

प्रकरण असं होतं. खालच्या शहरातल्या फॅकल्टीने येलोवोच्या डोंगराळ भागासाठी नर्सिंगचा एक नवा वर्ग काढला होता. पुस्तकी भाग घरी बसून, ऑनलाइन. आणि एका आड एक शनिवारी वाचनगृहात प्रत्यक्ष वर्ग – इंजेक्शनं, पट्ट्या, नाडी, सगळं हाताने. या भागात नर्स मिळत नाही म्हणून इथल्याच माणसांना नर्स करायचं, अशी कल्पना. पहिलं वर्ष संपत आल्यावर फॅकल्टीने विचारलं – अशा अर्ध्याअर्ध्या शिक्षणासाठी विद्यार्थ्यांची तयारी कितपत आहे? त्यासाठी ते चाळीस प्रश्न. फॉर्म कागदावर पाठवले होते, कारण ऑनलाइन पाठवले तेव्हा एकही भरून आला नव्हता. इथेच खरं तर कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

पण विभागप्रमुख हाजीएवा मॅडम खूश झाल्या. “बघ, रालित्सा, किती तयार मुलं आहेत! मग दर दोन आठवड्यांनी घाट चढायचा खटाटोप कशाला? पुस्तकी भाग घरी करू देत, आणि हातकामासाठी येऊ देत इथे शहरात, सोमवार ते शुक्रवार. शनिवारचा वर्ग बंद करू.”

रालित्सा त्यांची सहायक. लेक्चरांचे व्हिडिओ तिनेच केलेले, पेपरही तीच तपासायची. शनिवारी मात्र येलोवोला दुसरे सर जायचे. निर्णय बुधवारी व्हायचा होता. या शनिवारी तिने सरांना सुट्टी दिली आणि स्वतः आली, काय गौडबंगाल आहे ते बघायला.

शनिवारी सकाळी वाचनगृहात एकोणीसच्या एकोणीस जण हजर. शेगडी धगधगत होती, खिडक्यांवर वाफ धरली होती, आणि मधल्या टेबलावर रबरी हात ठेवला होता – इंजेक्शनासाठी. रालित्साने एकेकाला बोलावलं. वेलिनची पाळी आली तेव्हा त्याने सुई अशी टोचली, की रबरी हातालासुद्धा कळलं नसेल.

“छान,” ती म्हणाली.

“आवाज ऐकून ऐकून शिकलो,” तो हळूच म्हणाला. “पाचव्या लेक्चरला सांगितलंत ना – घाई करू नका, माणूस आहे तो.”

“ते रवंथ करताना सांगितलं असेल.”

मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं. वेलिन मान खाली घालून जागेवर गेला, पण जाता जाता त्याने एकदा मागे पाहिलं आणि रालित्साला नेमकं तेव्हाच वर बघायची बुद्धी झाली. पुढच्या विद्यार्थिनीला तिने तोच प्रश्न दोनदा विचारला.

मधल्या सुट्टीत स्तान्का मावशी तिच्यासाठी पुदिना घातलेला बटाट्याचा पाताट्निक घेऊन आली. स्तान्का बावन्न वर्षांची, बालवाडीत स्वयंपाकीण, वर्गात सगळ्यात मोठी आणि सगळ्यात बोलकी.

“खा, पोरी. वाळलीस अगदी. शहरात देत नाहीत वाटतं खायला?”

रालित्साने खाल्लं, आणि खाताखाता सहज विचारल्यासारखं विचारलं, “मावशी, तो मोठा फॉर्म आला होता ना… अवघड गेला का हो?”

“छे गं! आधी घाबरलो होतो सगळे. चाळीस प्रश्न म्हणजे काय थोडे झाले? पण वेलिनने चिठ्ठी फिरवली ना उत्तरांची. देवमाणूस आहे तो. म्हणाला, सगळीकडे पाच लिहा, पण सतराव्याला चार. सगळेच पाच दिसले तर त्यांना संशय येईल.” आणि मग मावशीने तोंडावर हात ठेवला. “अगं बाई. हे तुला सांगायचं नव्हतं वाटतं?”

तर असं होतं. या लोकांनी सर्वेक्षणाची परीक्षा केली होती. आणि परीक्षा म्हटली की शेजारच्याला उत्तर सांगायचं, हे इथे पहिलीच्या वर्गातच अंगात भिनतं. बाकावरच्या सोबत्याला न सांगता एकट्याने पास होणारा म्हणजे कसा? भाकरी झाकून खाणाऱ्यासारखा. रालित्साही अशाच बाकांवर वाढली होती. तिने स्वतः बाहीत किती चिठ्ठ्या लपवल्या होत्या, ते हाजीएवा मॅडमना न कळलेलंच बरं. तरीही तिचं डोकं फिरलं.

वेलिन बाहेर पायरीवर बसून चीज भरलेली पापुद्र्यांची बानित्सा खात होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“चिठ्ठी तुम्ही काढलीत?”

त्याने बानित्सा खाली ठेवली. एक क्षण खोटं बोलावं की काय असा विचार त्याच्या चेहऱ्यावर आला आणि गेला. “स्तान्का मावशी, ना?”

“कोण ते सोडा. का केलंत?”

“का म्हणजे? फॉर्मवर ठळक लिहिलं होतं – ‘विद्यार्थ्यांची तयारी’. तयारी नाही म्हटलं असतं तर वर्ग काढून घेतला असता तुम्ही. इथे काय आलंय आमच्याकडे, जे परत गेलं नाही? प्रसूतीगृह गेलं. दुसरी अँब्युलन्स गेली. म्हटलं, हा वर्ग नाही जाऊ द्यायचा.” तो उठून उभा राहिला. “आणि पाच म्हणजे काही मोठी फुशारकी नव्हती, मॅडम. शाळेत सर्वोत्तम म्हणजे सहा. फॉर्ममध्ये सहा नव्हताच. आम्ही तर आमच्या मते बेताचंच लिहिलं!”

“बेताचं?” रालित्साचा आवाज चढला; त्या क्षणी गाईचं नाव कोणी काढलं नसतं. “त्या तुमच्या बेताच्या पाचांमुळे काय होणार आहे, ठाऊक आहे? शनिवार बंद होणार! इतकी तयारी आहे तर शनिवार हवाय कशाला, असं म्हणताहेत वर. हातकामाला रोज शहरात यायचं, पाच दिवस. येणार आहात?”

वेलिनचा रंगच उडाला.

“पाच दिवस?” तो म्हणाला. “गाडी कोण चालवणार? दोघंच चालक आहोत आम्ही, सगळ्या खोऱ्याला. स्तान्का मावशी बालवाडी सोडून… एमिनेला दोन लहान मुलं…” तो पुन्हा पायरीवर बसला. “म्हणजे मीच घालवला वर्ग.”

रागावलेल्या माणसाला असा उलटून न बोलणारा माणूस समोर आला की रागाचं काय करावं ते कळत नाही. रालित्सा त्याच्या शेजारी बसली. पायरी ओली होती, तरी बसली.

“निर्णय बुधवारी आहे, अजून वेळ आहे,” ती म्हणाली. “मला खरी उत्तरं हवीत. सगळ्यांची. पण इथे बसवून घेतली तर पुन्हा एकमेकांचंच बघून लिहितील.”

“म्हणजे घरी जाऊन घ्यावी लागतील.”

“एकोणीस घरं?”

“उद्या मला सुट्टी आहे,” वेलिन म्हणाला. “आणि निळी निवा गाडी आहे. हीटर चालत नाही, पण चाकं चालतात.”

तिने परतीचं बसचं तिकीट खिशातच ठेवून दिलं.

रविवारी उजाडतानाच दोघं निघाले. पहिलंच घर स्तान्का मावशीचं, म्हणजे घर कसलं, बालवाडीचं स्वयंपाकघर. मुलं दुपारी झोपली की मावशी पिठाच्या डब्यावर फोन उभा करून लेक्चर ऐकायची, आणि व्हिडिओत प्रश्न आला की हातातला डाव वर करायची.

“शांत जागा आहे का? एक ते पाच?”

मावशीने वेलिनकडे पाहिलं. वेलिनने छताकडे.

“त्याच्याकडे नका बघू, मावशी!”

“अगं, सवय गं. पस्तीस वर्षांनी शाळेत आले, जरा कोणी सांगितलं की धीर येतो.” तिने सुस्कारा सोडला. “दोन लिही. नाही – आज रविवार आहे, मुलं नाहीत, म्हणून जास्त वाटतंय. एक लिही.”

मग रालित्साने नियमच केला – वेलिनने बाहेर थांबायचं. ती आत प्रश्न विचारायची आणि तो अंगणात त्या घरची लाकडं फोडायचा. दुपारपर्यंत दहा घरं झाली आणि येलोवोच्या आसपास कोणालाच आठवडाभर लाकडं फोडायची गरज उरली नाही. दोन बहिणी मिळून एक फोन वापरत होत्या. एकीने ऐकायचं, दुसरीने वही लिहायची, पुढच्या वेळी उलट. एकाने आजवर कधी फाईल जोडून पाठवली नव्हती. बहीण परदेशातून त्याच्यासाठी पाठवायची. आणि एमिने… एमिने गावावरच्या जुन्या पाण्याच्या टाकीवर चढून बसायची, कारण रेंज फक्त तिथे. प्लास्टिकचं स्टूल घेऊन, मांडीवर धाकटं पोर घेऊन. थंडीतसुद्धा. तिने एकही लेक्चर चुकवलं नव्हतं.

गाडीत परत बसल्यावर रालित्सा फाईल मांडीवर घट्ट धरून बसली.

“काय झालं?” वेलिनने विचारलं.

“मी एका लेक्चरमध्ये म्हटलं होतं, ‘आता आरामात बसा, हातात चहा घ्या…’ ती टाकीवर बसून ऐकत होती ते.”

“ती चहा न्यायची बरं का. थर्मासमधून.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “रडू नका हो. निवाची काच आतून धूसर झाली की पुसायला फडकं नाही माझ्याकडे.”

ती हसली, आणि नाक ओढत खिडकीबाहेर बघत राहिली.

अठरावा फॉर्म भरून झाला तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. वेलिनने गाडी रस्त्याकडेला उभी केली. खाली येलोवोची छपरं दिसत होती आणि उतारावर मळकं बर्फ ठिकठिकाणी उरलं होतं. त्याने थर्मासमधला डोंगरी चहा झाकणात ओतून तिला दिला.

“आता मी राहिलो,” तो म्हणाला. “विचारा.”

“खरं सांगायचं.”

त्याने इकडच्या रीतीप्रमाणे मान आडवी हलवून हो म्हटलं. तिने पेन उघडलं.

“स्वतःचा संगणक?” – “चार. भावाचा जुना आहे.” – “शांत जागा?” – “एक. अर्धा, अर्धा चालतो का?” – “नाही.” – “मग एक.” – “वेळापत्रक स्वतः आखता येतं?” – “एक. लोक वेळापत्रक बघून आजारी पडत नाहीत.”

ती लिहीत गेली. त्याची उत्तरं सरळ होती, बढाई नाही, कुरकुर नाही. सतरावा प्रश्न आला.

“शंका आली तर शिक्षकांना विचारायला मला संकोच वाटत नाही.”

“एक,” तो म्हणाला. “वर्षभरात सहा मेल लिहिले तुम्हाला. एकही पाठवला नाही.”

“का?”

“शंका बारीक होत्या. म्हटलं, हसाल.” त्याने स्टीअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. “एकात तर शंकाच नव्हती.”

रालित्साने ‘एक’ लिहिलं. ती घाईने पुढे गेली – अठरा, एकोणीस, वीस… आणि बाविसावा प्रश्न वाचून झाल्यावर तिला वाटलं, हा आपण गाळला असता तरी चाललं असतं. पण वाचून झाला होता.

“प्रत्यक्ष न भेटताही… शिकवणाऱ्या व्यक्तीशी मला जवळीक वाटते. एक ते पाच.”

आता हा काहीतरी फाजील बोलणार, असं तिला वाटलं. तसं बोलला असता तर बरंच झालं असतं; तिने टोमणा मारला असता आणि दोघं सुटले असते.

“परवापर्यंत पाच म्हटलं असतं,” तो म्हणाला. “सहा असते तर सहा. घाटातून एकटा येताना तुमचा आवाज असायचा गाडीत. मला वाटायचं, ओळखतो मी यांना. मग तुम्ही काचेवर टकटक केलीत. भिजलेल्या होतात, रागावलात, मग पाताट्निक खाल्लात, मग माझ्यावर ओरडलात, मग ओल्या पायरीवर बसलात. आता कळतंय, आधी मी काहीच ओळखत नव्हतो. आवाजाची नुसती सवय झाली होती.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “एक लिहा.”

तिने पेन पुढे केलं, तसं हातातलं झाकण तिरकं होऊन चहाचे दोन थेंब फॉर्मवर पडले. त्याने ते झाकण हळूच तिच्या हातातून काढून घेतलं. बोटांना बोटं लागली… आणि दोघांनीही ती लगेच बाजूला घेतली नाहीत.

“मी तुमचे पेपर तपासते, वेलिन,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे.”

“अजून अठरा प्रश्न आहेत.”

“विचारा की,” तो म्हणाला. “मी कुठे जातोय?”

उरलेले अठरा प्रश्न तिने कागदावरून नजर न उचलता विचारले. संपल्यावर वेलिनने एक कोरा कागद मागितला, आणि मांडीवर ठेवून त्यावर लिहिलं – उत्तरांची चिठ्ठी मी एकट्याने काढली, बाकी अठरा जणांचा दोष नाही. खाली सही केली.

“याने तुमचं वर्ष जाईल,” ती म्हणाली.

“वर्ग राहिला तर वर्ष पुन्हा करता येईल. वर्गच गेला तर काय करू?” त्याने कागद तिच्या फाईलमध्ये सरकवला. “देऊन टाका. नाहीतर मीच पोस्टाने पाठवीन, आणि मग माझं अक्षर कोणालाच लागणार नाही.”

बुधवारी हाजीएवा मॅडमनी आधी जुने फॉर्म पाहिले, मग नवे, मग वेलिनचा कागद. त्यांच्या भुवया एकेक पायरी चढत गेल्या.

“सरासरी दोनच्याही खाली,” त्या म्हणाल्या. “आणि वर ही लबाडी. हे सभेपुढे ठेवलं तर सगळे म्हणतील, वर्ग बंद करा. तुला कळतंय ना?”

“कळतंय. पण एमिनेचं वाचा, मॅडम. शेवटून तिसरं पान.”

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. “पाण्याच्या टाकीवर?”

“फेब्रुवारीतसुद्धा. एकोणीसपैकी कोणीही वर्ग सोडलेला नाही. ऑनलाइनचा सगळा त्रास त्यांनी एकमेकांना सांभाळून निभावलाय. ती चिठ्ठीसुद्धा त्यातलीच.” रालित्सा दमून गेल्यासारखी बोलत होती, पण थांबत नव्हती. “आपण विचारलं, तुम्ही तयार आहात का. आपण तयार होतो का? माझे व्हिडिओ इतके जड आहेत की डोंगरात उतरतच नाहीत. त्यांना शनिवार हवा, दर आठवड्याला. आणि वाचनगृह रोज संध्याकाळी उघडं हवं, वायफायसाठी. एवढं केलं तर हे लोक नर्स होतील. मी लिहून देते.”

हाजीएवा मॅडम बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत राहिल्या. सभा दुपारी दोन तास चालली, आणि त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा घसा बसला होता. शनिवार राहिले, दर आठवड्याचे झाले. वाचनगृहाच्या किल्लीचं काम नगरपालिकेकडे दिलं. आणि वेलिन काराजोवचं एक सत्र रद्द, पुन्हा करायचं.

“सुटलास म्हणावं त्याला,” मॅडम म्हणाल्या. “काहीजण नावच काढून टाका म्हणत होते. बरं, आता दर शनिवारी तूच जा. तुला रस्ता माहीत झालाय.”

रालित्साला हेच हवं होतं. गेले तीन दिवस ती मनात हेच मागत होती – शनिवार, घाट, ते वाचनगृह. आणि आता हातात पडलं होतं.

“मी नाही जाऊ शकत,” ती म्हणाली. “त्या गटाचे पेपरही यापुढे मी तपासणार नाही.”

“का गं?”

“त्या गटातला एकजण मला आवडतो.”

मॅडमनी खुर्ची ओढली आणि बसल्या. “कोण? तो चिठ्ठीवाला?”

“हो.”

“त्याला सांगितलंस?”

“नाही. आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. त्याचे गुण माझ्या हातात आहेत, म्हणून.”

“हे बघ,” हाजीएवा मॅडम म्हणाल्या, “बत्तीस वर्षं शिकवतेय. प्रेमात पडल्याचं पहिल्यांदा मला येऊन सांगणारी तूच.” मग त्यांनी डोक्याला हात लावला. “म्हणजे आता शनिवारी मी जायचं! माझे गुडघे, आणि तो घाट. छान. तुमचं प्रेम आणि माझी बस.”

त्या शनिवारी बसमधून दोघी उतरल्या. हाजीएवा मॅडम पुढे, कंबर धरून. मागे रालित्सा, रिकाम्या हाताने. आकाश स्वच्छ होतं. वेलिन वाचनगृहाच्या दारात रबरी हात काखेत धरून उभा होता. तिला बघून तो पायऱ्या उतरून धावतच आला.

“आलात! शनिवार राहिले! स्तान्का मावशीने पाच पाताट्निक केलेत, तुम्हाला सगळे खावे लागतील…”

“मी शिकवायला नाही आले, वेलिन. यापुढे तुमच्या गटाला मी कधीच शिकवणार नाही.”

त्याच्या तोंडावरचं हसू विझलं. “चिठ्ठीमुळे? तुम्हालाही शिक्षा…”

“शिक्षा नाही. मीच सोडलं. तुझ्यामुळे.”

मॅडम आत गेल्या होत्या, वर्ग भरत होता, खिडकीत स्तान्का मावशीचं डोकं दिसत होतं आणि तिच्या मागे आणखी चार. रालित्साला वाटलं होतं, हे बोलायला एखादी आडबाजूची जागा मिळेल. नाही मिळाली.

“तुझे पेपर माझ्यापुढे येत राहिले असते तर मला तुझ्याशी नीट बोलता आलं नसतं,” ती म्हणाली. “सारखं वाटलं असतं, हा माझ्या गुणांसाठी हसतोय की माझ्यासाठी. म्हणून सोडलं. आता तुला पास-नापास करणं माझ्या हातात नाही. आता सांगते. मला तू आवडतोस. खूप.”

वेलिनने रबरी हात दुसऱ्या काखेत घेतला, मग पहिल्या, मग पायरीवर ठेवून दिला.

“तो सहावा मेल,” तो म्हणाला, “ज्यात शंका नव्हती… नको, तो राहू दे. लांबलचक आहे.” त्याने तिचा हात धरला. खिडकीतली पाच डोकी आठ झाली. “मलाही. काचेवर टकटक केलीस तेव्हापासून.”

“काराजोव!” आतून हाजीएवा मॅडमचा बसलेला घसा कडाडला. “सत्र पुन्हा करायचंय ना? की आणखी एक जोडू?”

“जा,” रालित्सा म्हणाली.

“चार वाजता सुटतो.”

“बस साडेसहाला आहे.”

“म्हणजे अडीच तास.”

“हो. जा आता, हाताशिवाय वर्ग कसा सुरू होईल?”

तो गेला, दारात एकदा अडखळून. रालित्सा चौकापलीकडच्या बेकरीत जाऊन खिडकीशी बसली आणि चहा मागवला. समोर वाचनगृहाची मोठी खिडकी होती. तिसऱ्या बाकावर वेलिन बसला होता आणि त्याचं लक्ष फळ्याकडे अजिबात नव्हतं. दहा मिनिटांनी हाजीएवा मॅडम खिडकीशी आल्या, त्यांनी बेकरीकडे पाहिलं, रालित्साकडे पाहिलं, आणि सर्रकन पडदा ओढून घेतला.

रालित्सा एकटीच मोठ्याने हसली. बेकरीवालीने विचारलं, काय झालं. “काही नाही,” ती म्हणाली, “चार वाजेपर्यंत थांबायचंय. एक बानित्सा द्या.”